भिगवणला पहिल्यांदा जाताय? निघण्याआधी उजनीचा टक्का बघा

आम्ही पहिल्यांदा भिगवणला गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. पोरांना फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, दाखवायचे म्हणून पहाटे साडेतीनला सगळ्यांना उठवलं, नवऱ्याच्या मित्राची दुर्बीण मागून आणली, डबे भरले, आणि काठावर जाऊन बघतो तर जिकडे नजर जाईल तिकडे पाणीच पाणी. पक्षी म्हणाल तर चार बगळे, थोडे पाणकावळे आणि विजेच्या तारेवर एक खंड्या. होडीवाले मामा निवांत बसले होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, धरण शंभर टक्के भरलंय. चिखलच उघडा न्हाई, तर रोहित उभा ऱ्हाणार कुठं?"

पोरं गाडीत झोपून गेली, आम्ही चिलापी मासा खाल्ला आणि घरी आलो. चिलापी मात्र एवढी भारी होती की परत जायचं तेव्हाच ठरलं. त्यानंतर पाच वेळा जाऊन आलेय, त्यातल्या चार वेळा मनासारखं बघायला मिळालं, आणि आता ओळखीतलं कुणीही विचारलं की फोनवर तेच तेच सांगत बसावं लागतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आधी जागा समजून घ्या. भिगवण म्हणजे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हायवेवरचं बाजाराचं गाव, पुण्यापासून शंभर-एकशेपाच किलोमीटर. नदी भीमा, पण इथं ती नदीसारखी दिसत नाही, कारण खाली माढा तालुक्यात १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा पार इथपर्यंत मागे येतो. जलाशयाचं नाव यशवंतसागर, बोलताना सगळे उजनीच म्हणतात. आणि पक्षी भिगवणच्या बाजारपेठेत नसतात हो, त्यासाठी कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी अशा काठावरच्या गावांना जावं लागतं. मॅपवर नुसतं भिगवण टाकून स्टँडपाशी येऊन "इथं पक्षी कुठायत" विचारणारी माणसं मी स्वतः बघितलीत.

१. आधी पाण्याचा टक्का, मग तारीख

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. लोक कॅलेंडर बघून जातात. नोव्हेंबर ते मार्च सीझन आहे असं कुठंतरी वाचलेलं असतं, ते चूक नाही, पण अर्धवट आहे.

उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं साधारण ६३ टीएमसी हा मृतसाठा, तळाचं पाणी, आणि वरचं ५३-५४ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरात रोज जो टक्का येतो तो ह्या वरच्या पाण्याचा असतो. म्हणून तर उन्हाळ्यात "उजनी उणे वीस टक्के" अशी बातमी येते आणि नवीन माणसाला वाटतं धरण आटलं, आता जाऊन काय करायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर जवळजवळ उणे ६० पर्यंत गेलं होतं, तरी मधल्या पात्रात पाणी होतंच.

आता ह्याचा पक्ष्यांशी काय संबंध. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, उथळ पाण्यात उभा राहून मान पार खाली घालतो, चोच उलटी धरून चिखलपाणी तोंडात घेतो आणि त्यातून शेवाळ, बारीक किडे, झिंग्यांसारखे जीव गाळून खातो. पंखांचा गुलाबी रंगसुद्धा ह्या खाण्यातूनच येतो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर काठाजवळच पाणी खोल असतं, त्याला जेवायला जागाच नसते. पुढे सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत आणि शेतीसाठी कालव्यात पाणी सोडायला लागले की पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि ह्या मंडळींचं हॉटेल चालू होतं. चमचे, शराटी, शेकाटे ह्या बाकीच्या पाणपक्ष्यांचं गणित थोड्याफार फरकाने हेच.

म्हणून ज्या वर्षी पाऊस दणकून झाला त्या वर्षी डिसेंबरात जायची घाई करू नका. ज्या वर्षी धरण नीट भरलंच नाही त्या वर्षी मात्र लवकर जा. नेमका किती टक्के असताना जावं असा ठरीव आकडा नाही, मी जलसंपदा विभागाचा रोजचा आकडा किंवा सोलापूरच्या बातम्या बघते, टक्का उतरायला लागला की तिथल्या एखाद्या होडीवाल्याला फोन करते आणि एकच प्रश्न विचारते, चिखल उघडा पडलाय का. "पक्षी आलेत का" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर कायम "लई आलेत, या" असंच मिळतं. ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर मागच्या आठवड्यात लोकांनी काय काय नोंदवलंय तेही बघून घेता येतं.

महिन्यांचा ढोबळ अंदाज हवाच असेल तर:

- नोव्हेंबर-डिसेंबर: बदकं यायला लागतात. थापट्या, चक्रवाक, थंडी वाढली की पट्टकदंब. फ्लेमिंगो नशिबावर.
- जानेवारी ते मार्च: पहिल्यांदा जाणाऱ्याने ह्याच काळात जावं.
- एप्रिल-मे: ऊन भाजून काढतं, पण थोडे फ्लेमिंगो रेंगाळलेले असू शकतात आणि पाणी फारच उतरलं तर पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, त्याचं पुढे सांगते.
- पावसाळा: मासे खायला जा. पक्ष्यांसाठी नको.

२. दिवस आणि वेळ

रविवार टाळता आला तर टाळा. जानेवारीतल्या रविवारी मोठमोठ्या लेन्स घेऊन अख्खं पुणे तिथं असतं आणि एकेका थव्याभोवती होड्यांचं रिंगण पडतं. मंगळवारी-बुधवारी एक सुट्टी टाका, फरक कळेल.

वेळ पहाटेचीच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याच्या अर्धा तास आधी होडीत बसलेलं असावं. नऊ-साडेनऊनंतर दोन गोष्टी बिघडतात, वारा सुटतो आणि पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, मग कितीही महागडी लेन्स असू दे, फोटो वितळल्यासारखा येतो. सकाळ जमलीच नाही तर चारनंतर जा. दुपारी बाराला उगाच उन्हात होडी फिरवू नका, त्या वेळेला जेवा.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर सरळ आदल्या रात्री मुक्कामाला जा. कुंभारगावात घरगुती राहायची सोय होते, भिगवणला लॉज आहेत. फार अपेक्षा ठेवू नका, स्वच्छ गादी, गरम पाणी आणि रात्रीचं जेवण मिळालं म्हणजे झालं. पण पहाटे तीनची उठाठेव वाचते ह्याचं मोल ज्याला पोरं आहेत त्यालाच कळेल.

३. पोचायचं कसं

गाडीने: हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण. सरळ हायवे आहे, पहाटे दोन-अडीच तासांत होतो. पाटसला टोल लागतो. आता धोक्याचं सांगते. फ्लेमिंगोचा सीझन आणि कारखान्यांचा गळीत हंगाम एकच असतो. म्हणजे पहाटेच्या अंधारात तुमच्यापुढे उसाने गच्च भरलेली, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेली ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, आणि वरून उसाची टोकं बाहेर आलेली. एकदा नवऱ्याने शेवटच्या क्षणी ब्रेक मारला तेव्हा उसाचं पाचट समोरच्या काचेला घासलं होतं. तेव्हापासून आम्ही सत्तरच्या वर जात नाही, उजाडायच्या आत तर नाहीच. पक्षी दहा मिनिटं उशिरा दिसला तरी चालतो.

रेल्वेने: भिगवण स्टेशन पुणे-सोलापूर लाईनवर आहे पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा तुमच्या गाडीला थांबा आहे का हे तिकीट काढायच्या आधी बघा. नाहीतर दौंडला उतरायचं, तिथून साधारण तीस किलोमीटर उरतं.

एसटीने: स्वारगेटवरून इंदापूर, अकलूज, सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या ह्याच रस्त्याने जातात. चढतानाच कंडक्टरला "भिगवणला उभी राहते का" विचारून घ्या.

गाडी नसेल तर खरी अडचण भिगवणला उतरल्यावर सुरू होते. तिथून कुंभारगाव दहाएक किलोमीटर आत, आणि पहाटे रिक्षा मिळेल ह्या भरवशावर राहू नका. होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलताना हेही ठरवून टाका, गावातलं कुणीतरी न्यायला येतं, पैसे द्यायचे.

४. सोबत काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा कुठलंही ओळखपत्र, मुक्काम असेल तर प्रत्येकाचं
- रोख पैसे, सुट्टे. यूपीआय चालतं पण काठावर रेंज गंडली की सगळे एकमेकांचे हॉटस्पॉट शोधत बसतात
- दुर्बीण. ८ बाय ४२ पुरते. नसेल तर होडीवाल्याकडे आहे का विचारा, काही जण ठेवतात
- कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटरच्या पुढची लेन्स. मोबाईलने फ्लेमिंगोचा फोटो म्हणजे पाण्यावर गुलाबी ठिपके, त्याचं दुःख करू नका, डोळ्यांनी बघा
- जाड जॅकेट आणि कानटोपी. शहरातल्या थंडीवर जाऊ नका, पहाटे पाण्यावर बोटं आखडतात
- तीच टोपी काढून घालायला उन्हाची दुसरी टोपी, सनस्क्रीन
- मळखाऊ कपडे. पांढरं आणि भडक लाल नको
- सँडल किंवा जुनी चप्पल. पाणी उतरलं की काठ बराच आत सरकतो, होडीपर्यंत चिखलातून चालत जावं लागतं आणि नवे स्पोर्ट शूज चिखल गिळतो, परत देत नाही
- मोबाईल-कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची जाड पिशवी
- प्यायचं पाणी घरून

पाण्यावरून आठवलं. जलाशयाचं पाणी हिरवट असतं, कधीकधी वासही येतो, हात धुवायलाही नको वाटतं. आमच्या सोबतच्या एका बाईंनी नाक मुरडून "काय घाण केलीये हो इथल्या लोकांनी" म्हटलं. होडीवाले मामा काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, अहो इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला मिळते, हे आपल्याच बेसिनमधनं आलंय. मी पिंपरीची, मला माहितीये काय काय सोडतो आपण.

५. होडी ठरवताना

होड्या चालवणारे बहुतेक मासेमारीतलेच लोक आहेत, भोई-कोळी घरांतले, आणि त्यांची नजर म्हणजे काय सांगू. आपण दुर्बीण लावून शोधत असतो तोवर ते उघड्या डोळ्यांनी सांगतात, "तो बघा, उजवीकडं, मोरघार, हातात मासा हाय तिच्या." पक्ष्यांची इंग्रजी नावं त्यांना तोंडपाठ असतात, मराठी नावं मुद्दाम विचारा, खुलतात.

बसायच्या आधी हे विचारून घ्या:

- पैसे माणशी की अख्ख्या होडीचे? भांडणं बहुतेक ह्याच्यावरूनच होतात.
- किती तास? "एक चक्कर" हा शब्द मान्य करू नका, चक्कर वीस मिनिटांची पण असते.
- वल्ह्याची की इंजिनची? लांब जायचं असेल तर इंजिन लागतं, पण पक्ष्यांजवळ गेल्यावर ते बंद करून बांबूने ढकलणार ना, हे आधीच बोलून ठेवा.
- लाइफ जॅकेट किती आहेत?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबते. पाणी संथ दिसतं, कित्येक ठिकाणी कमरेएवढंच असतं, म्हणून लोक जॅकेट मांडीवर घेऊन बसतात. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट ह्याच जलाशयात अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. हे स्थानिक लोक होते, रोजच्या पाण्यातले. तेव्हा माणसागणिक जॅकेट नसेल तर बसायचं नाही, असेल तर बंद लावून बसायचं, आणि होडीवाला "वारा उठलाय, परत फिरू" म्हणाला की "अजून पाच मिनिटं" करायचं नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी वळवाचं वातावरण दिसलं तर पाण्यावर जाऊच नका.

आणखी एक सापळा, सीझनमध्ये रस्त्यातच गाडी अडवून "तिकडं काय न्हाई, हिकडं या, समदे पक्षी आपल्याकडंच" सांगणारे भेटतात. खरंही असेल, पण तुम्ही ज्याच्याशी फोनवर बोललाय त्याच्याकडेच जा, तो पहाटे पाचपासून तुमची वाट बघत बसलेला असतो.

६. पाण्यावर गेल्यावर

बोलणं बंद. हे सोपं वाटतं, आठ वर्षांच्या मुलासोबत करून बघा. आम्ही मुलांना एक वही दिली होती, दिसेल तो पक्षी लिहायचा, नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं. धाकट्याच्या वहीत शेकाट्याचं चित्र आहे, पेन्सिलीएवढे लांब लाल पाय आणि वर बटाटा. एकदम बरोबर काढलंय.

पहिल्या अर्ध्या तासात साधेच दिसतात, चांदवे, राखी बगळे, कुरव, नदी सुरय, चित्रबलाक, त्यांनाही नीट बघा. चित्रबलाकाच्या शेपटीकडच्या पिसांना जो गुलाबी असतो तो कुठल्या पैठणीत मिळणार नाही. पट्टकदंब दिसले तर डोक्यावरचे दोन काळे पट्टे बघा, हिमालय ओलांडून आलेत ते, आणि इथं येऊन गाईसारखे गवत खात उभे असतात.

मग होडीवाला इंजिन बंद करतो. तिथून पुढचं सावकाश. जानेवारीतल्या त्या खेपेला आम्ही थव्यापासून बऱ्यापैकी लांब थांबलो होतो, धुकं पाण्यावर हातभर उंच, आणि आधी काही दिसायच्या आत आवाज आला. बायकांचा घोळका लांबून कुजबुजत यावा तसा, अखंड, मध्येच एखादा जोरात. मामांनी बांबू टेकवून होडी थांबवली. धुकं विरळ झालं तशी आधी पायांची काठीकाठी रांग दिसली, मग वळलेल्या माना, सगळ्यांची डोकी पाण्यात, आणि पायांनी चिखल तुडवत जागच्या जागी गोल फिरणं चाललेलं. मधे मधे राखाडी-मळकट पिल्लं होती, ती मोठी होईपर्यंत गुलाबी होत नाहीत, नवीन लोक त्यांना दुसराच पक्षी समजतात.

आणि तेवढ्यात शेजारच्या होडीतून आवाज, "ओ दादा, उडवा की जरा, व्हिडिओ काढायचाय." त्या पोरगेल्या होडीवाल्याने इंजिन मारलं, सगळा थवा उठला, गुलाबी-काळे पंख, दिसलं अर्थात सुंदर, लोकांनी टाळ्या पण वाजवल्या. थवा पार करमाळ्याच्या बाजूला गेला. त्या सकाळी आमच्यामागून आलेल्या सात-आठ होड्यांना रिकामा चिखल दिसला. मामा पुटपुटले, "जेवत्या ताटावरनं उठवलं." असं उडवायला कधीही सांगू नका, आणि तुमचा होडीवाला जास्तीच्या पैशाच्या आशेने आपणहून करायला लागला तर नको म्हणा, तो नाराज होत नाही, उलट बरं वाटतं त्याला. सूर्य वर आला की एखादा थवा आपणहून जागा बदलतोच, तेव्हा उडताना बघायला मिळतात. ड्रोन तर घरीच ठेवा.

७. जेवण

आता ज्याच्यासाठी आमच्याकडची निम्मी जनता येते तो विषय. इथला मासा म्हणजे चिलापी. मूळचा इथला नाही, आफ्रिकेकडचा तिलापिया, पण उजनीत असा माजलाय की जाळ्यात जास्त तोच येतो. शिवाय रोहू, कटला, वाम आणि नशीब असेल तर मरळ.

पहिल्यांदा खाणाऱ्याने चिलापीच मागवावी कारण काटे कमी आणि मोठे असतात. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुबेळकी काटे असतात, सवय नसेल तर मुलांना देऊ नका. मरळ महाग, एका कण्याचा, घट्ट मांसाचा, त्याचं कालवण खाल्लं की बाकीचे मासे जरा पाणचट वाटायला लागतात, हा माझा वैयक्तिक अनुभव.

हायवेला मच्छी थाळीची हॉटेलं रांगेने आहेत. गर्दीचं बघून शिरा, मासा लवकर संपतो म्हणजे ताजा येतो. एका रविवारी आम्ही दुपारी तीनला एका रिकाम्या हॉटेलात बसलो आणि सकाळी तळलेला मासा परत तळून समोर आला, चामड्यासारखा. तेव्हापासून नियम, कच्चा मासा आधी दाखवा म्हणायचं, कल्ले लालभडक आहेत का बघायचं, आणि मग आपल्यासमोर कढईत सोडायला सांगायचा. कुणी रागवत नाही. भाव थाळीचा, नगाचा की वजनाचा हेही तेव्हाच विचारा, मोठा मासा वजनावर लावला की बिल बघून घास अडकतो.

पण माझं ऐकाल तर कुंभारगावात होडीवाल्याच्या घरीच जेवा. पहाटे होडीत बसायच्या आधी किती माणसं, किती तिखट, हे सांगून ठेवायचं, आपण परत येईतो वहिनींची तयारी झालेली असते. अख्खी चिलापी, दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा, त्यात आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ बोटाने कोंबलेलं. कढईतलं तेल धुरावलं की मासा कडेने सोडतात, शेपटी आधी कडक होते, कुरकुर वाजते, आमच्याकडे त्या शेपटीवरून भांडणं. रस्सा वेगळा, भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि घरचा काळा मसाला. वर तवंग. थंडीत बाजरीची भाकरी, ती कुस्करून रश्शात भिजवायची आणि हाताने ओरपायचं, चमचा मागितलात तर देतील पण बघतील. सोलकढी विचारू नका, हे कोकण नाही, इथं कांदा, लिंबू आणि मीठ.

वहिनींना विचारलं रश्शाला एवढा दाटपणा कशाने येतो, तर म्हणाल्या, "कांदा पार काळा होईस्तवर भाजायचा, तुम्ही शेरातल्या बाया लवकर काढताय." घरी करून बघितलं. खरंय.

शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही, पिठलं, ठेचा, भरलं वांगं, गरम भाकरी मिळते. पण आधी सांगा आणि कढई-तेल वेगळं हवं असेल तर तेही स्पष्ट सांगा. जानेवारी-फेब्रुवारीत आजूबाजूच्या शेतांत हुरडा पार्ट्या असतात, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ज्याला मासा नको त्याला तिथं सोडून या.

८. उरलेला दिवस

पळसदेव: हायवेनेच पुढे. जुनं गाव धरणात गेलं, त्याचं जुनं दगडी पळसनाथाचं देऊळ पाण्यातच राहिलं. पाणी भरपूर असलं की फक्त शिखराकडचा भाग दिसतो किंवा तोही नाही, उजनी खोल मायनसमध्ये गेली की पायी जाता येतं. परत तोच टक्का. चालत जाताना गावातलं कुणीतरी सोबत घ्या, वरून सुकलेला दिसणारा गाळ खाली पिठासारखा असतो. आणि पाणी हटलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, तुम्हाला रान वाटेल पण ते कुणाचं तरी पीक असतं, बांधाने चाला.

कडबनवाडी: इंदापूर तालुक्यातलंच माळरान. चिंकारा, खोकड, नशीब जोरावर असेल तर लांडगा. वन विभागाची गवताळ सफारी आहे, ऑनलाइन बुकिंग आधी करावं लागतं, तसंच माळावर गाडी घालून फिरू नका. एका दिवसात पक्षी, मासा आणि चिंकारा तिन्ही होतात, पण पोरं रडतात.

९. येताना मासा आणायचा असेल तर

भिगवणच्या मासळी बाजारात ताजा आणि शहरापेक्षा स्वस्त मिळतो, मोह होणारच. तिथंच खवले काढून, पोट साफ करून, तुकडे करून घ्या, घरी चिलापीची खवलं काढायला बसलात तर ती पडद्यावर पण सापडतात. थर्माकोलचा डबा आणि बर्फ बाजारात मिळतो, पण डब्याच्या तळाला भोक असतं हे कुणी सांगत नाही. आम्ही तो तसाच डिकीत ठेवला, यवतपर्यंत बर्फ वितळला, ते पाणी कार्पेटखाली गेलं आणि पुढचे तीन आठवडे सोसायटीतली मांजरं आमच्या गाडीखाली मुक्कामाला होती. डब्याखाली जुना फ्लेक्स अंथरा, कडा वर दुमडून, किंवा सरळ घरून झाकणाचा स्टीलचा मोठा डबा घेऊन जा.